नदीच्या नोंदी निर्णयापर्यंत कशा न्यायच्या : पंचगंगेच्या काठावरून, टप्प्याटप्प्याने

"नमुना घेतला त्या दिवशी बंधाऱ्याला बरगे होते का?"

पाटबंधारे खात्याच्या एका अभियंत्यानं भर बैठकीत एवढंच विचारलं आणि आमची वर्षभराची मेहनत टेबलावर तशीच पडून राहिली. चौदा नमुने होते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल होते, रंगीत आलेख होते. बरग्यांची नोंद नव्हती. बरगे म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या. घातले की पाणी तुंबतं, काढले की वाहतं. तुंबलेल्या पाण्यातला मार्चचा आकडा आणि वाहत्या पाण्यातला जुलैचा आकडा शेजारी ठेवून आम्ही कारखान्यांवर बोलत होतो. अभियंत्याचा प्रश्न खवचट वाटला, पण बरोबर होता.

तेव्हापासून नदीवर काम करणारी बरीच नागरिक मंडळं हीच चूक करताना पाहिली. आधी बाटल्या, मग प्रयोगशाळा, मग बातमी, आणि सगळ्यात शेवटी "हे आता द्यायचं कुणाला?" खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे. उदाहरणं कोल्हापूरच्या पंचगंगेची आहेत, तुमची नदी इंद्रायणी असो की गोदावरी, क्रम तोच.

१. आधी निर्णय निवडा

"नदी प्रदूषित आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्वांत जास्त. तेच पुन्हा सिद्ध करायला तुमची गरज नाही.

प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर मिळालं की एका विशिष्ट खुर्चीतल्या माणसाला काहीतरी बदलावं लागेल. नाला अडवून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवायचं काम महापालिका किंवा नगरपालिकेचं. तिला नाल्यातून रोज किती पाणी आणि किती घाण जाते ते हवं. बरगे कधी काढायचे, धरणातून किती सोडायचं, उपसाबंदी कधी लावायची हे पाटबंधारे खातं ठरवतं. त्याला विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचं नातं दाखवा. उद्योगाच्या संमतीपत्रातल्या (म्हणजे सांडपाणी सोडायच्या परवान्यातल्या) अटी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हातात असतात, तिथं सांडपाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी काय निघतं हेच बोलायचं.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात खात्याचं नाव आणि एक क्रियापद आलं पाहिजे. 'कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्याचं किती पाणी उपसा केंद्र चुकवून थेट नदीत जातं, ते पालिकेनं मोजावं' हा प्रश्न चालेल (उपसा केंद्र म्हणजे नाल्याचं पाणी पंपानं शुद्धीकरण केंद्राकडे चढवणारं). 'पंचगंगा वाचवा' ही घोषणा झाली.

२. आहे ती माहिती गोळा करा

राष्ट्रीय जल गुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमाखाली प्रदूषण मंडळ ठरावीक ठिकाणी नियमित नमुने घेतं आणि आकडे प्रसिद्ध करतं. तुमच्या पट्ट्यातलं सर्वांत जवळचं ठिकाण शोधा. तुमचा एक नमुना तिथंच घ्या, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळतात की नाही ते कळेल. हे न करणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत "तुमची प्रयोगशाळा कोणती?" असं ऐकावं लागतं.

बाकीचं माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय हे महत्त्वाचं:

– शुद्धीकरण केंद्रात रोज आलेल्या आणि प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या नोंदी;
– नाल्यावरच्या उपसा केंद्राची बारा महिन्यांची वीजबिलं;
– उद्योगाचं चालू संमतीपत्र आणि तपासणी अहवाल;
– बंधाऱ्याचे बरगे घातल्या-काढल्याच्या तारखा.

वीजबिलाची गंमत आहे. नोंदवहीत "पंप २४ तास चालू" लिहिता येतं, मीटरला ते जमत नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर आहे, पण केंद्राची क्षमता कितीही असली तरी उपसा केंद्रातून पाणी वर चढलंच नाही तर ती कागदावरच राहते.

संमतीपत्रासाठी अर्जाची वाट बघायलाच हवी असं नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि ती संबंधित व्यक्तीला कार्यालयीन वेळेत बघता येते. कार्यालयात हे कलम माहीत नसणारे भेटतात, म्हणून छापील प्रत खिशात ठेवा.

३. ठिकाणं ठरवा

कमीत कमी चार हवीत. नाला मिळण्याच्या वर एक, खुद्द नाल्यात एक, नाल्याचं पाणी नदीत पुरतं मिसळल्यावर एक आणि त्याहून खाली एक. पंचगंगेवर वरचं ठिकाण म्हणून प्रयाग चिखलीचा संगम सोयीचा, कारण तो कोल्हापूर शहराच्या आधी येतो. खाली राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओळीनं आहेत आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णा.

इथं सर्वांत जास्त फसगत 'मिसळल्यावर' या शब्दात होते. नाल्याचं पाणी नदीत शिरल्यावर बरंच अंतर काठ धरून वाहतं. त्या काठावर बाटली भरली तर नाला मोजला, समोरच्या काठावर भरली तर वरची नदी मोजली. उपाय स्वस्त आहे: विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) मोजायचं पेनाएवढं मीटर. डावा काठ, मध्य, उजवा काठ असं पुलावरून मोजा. तिन्ही आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मिसळलं समजा, नसेल तर खालच्या पुलावर जा.

सावधान: बंधाऱ्याच्या भिंतीलगत, केंदाळाच्या (जलपर्णीच्या) खाली, जनावरं धुतात त्या घाटावर नमुना घेऊ नका. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, तिथला ऑक्सिजन फसवा असतो. नाल्यात उतरायचं नाही. दोरी, बादली, हातमोजे आणि सोबत दुसरा माणूस, एवढं असल्याशिवाय निघू नका.

४. विसर्ग मोजा, नाहीतर आकडा लंगडा

बहुतेक नागरिक मंडळं हा टप्पा गाळतात. प्रयोगशाळेचा अहवाल लिटरमागे किती मिलिग्रॅम ते सांगतो. नाल्यातून रोज किती किलो घाण गेली ते सांगत नाही, आणि पैसे खर्च करणाऱ्याला किलो कळतात.

नाल्याचा सरळ भाग निवडा. दहा मीटरवर दोन खुणा करा. संत्रं टाका (संत्रं बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्यानं ढकललं जात नाही), वेळ घ्या, असं पाच वेळा करून सरासरी काढा. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणा. काठीनं रुंदीभर पाच-सहा ठिकाणी खोली घ्या.

समजा, रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, म्हणजे छेद १.२ चौरस मीटर. संत्र्याला दहा मीटरला २५ सेकंद लागले: वेग ०.४, गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४ मीटर प्रतिसेकंद. विसर्ग ०.४०८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ४०८ लिटर, दिवसाला सुमारे ३५ दशलक्ष लिटर. आता त्या नाल्याची बीओडी (घाण कुजताना जीवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) लिटरला ५० मिलिग्रॅम निघाली असेल तर ३५ गुणिले ५०, म्हणजे रोज १७५० किलो. दशलक्ष लिटरला मिलिग्रॅम प्रतिलिटरनं गुणलं की थेट किलो येतात, दुसरं रूपांतर करायची गरज नाही.

नाल्याला सकाळी आठला पूर असतो आणि दुपारी तीनला ओहोटी. म्हणून एकाच वेळी मोजून दिवसाचा हिशेब सांगू नका. एकदा तरी चोवीस तास, दर दोन तासांनी मोजा.

नदीचा विसर्ग संत्र्यानं मोजायच्या भानगडीत पडू नका. पाटबंधारे खात्याकडून धरणाचा त्या दिवशीचा विसर्ग घ्या आणि बंधाऱ्याचे किती गाळे उघडे होते ते स्वतः मोजून लिहा.

५. वेळापत्रक : केव्हा मोजलं त्यावर सगळं

पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो खातात. म्हणून ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. नाश्ता करून, गाडी काढून, साडेअकराला घेतलेला नमुना नदीचा चांगला चेहरा दाखवतो. मासे मात्र पहाटे मरतात. महिन्यातून एकदा सकाळी साडेपाचला बंधाऱ्यावर जायची तयारी नसेल तर मासेमारीवर बोलू नका.

प्रदूषित पट्ट्यांची प्राधान्ययादी बीओडीवर बनते: लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर पहिला वर्ग, ३ ते ६ ला पाचवा. पहाटेचा ऑक्सिजन त्यात कुठंच येत नाही. कागदावर पाचव्या वर्गातली नदी मासे मारू शकते ती अशी. तुमच्या नोंदींची खरी किंमत इथं आहे, सरकारी यंत्रणा जाते त्या वेळेच्या बाहेर.

किमान बारा महिने, महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. शिवाय हे दिवस सोडू नका: साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी आणि ऐन भरात, बरगे काढल्याचा दिवस आणि त्यानंतरचे दोन, पहिल्या वळवाचा पाऊस, वस्त्रोद्योगाच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि मधला वार. बरगे काढले की तळाचं कुजलेलं पाणी एकगठ्ठा खाली सरकतं. त्या दोन दिवसांचा आकडा संपूर्ण उन्हाळ्यापेक्षा जास्त सांगून जातो.

आणि वार बघा. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवून मोजतात. गुरुवारी दिलेल्या नमुन्याची वेळ रविवारी भरते. लहान प्रयोगशाळेत रविवारी कोण येतं ते आधी विचारा. आम्ही सोमवारीच देतो. परदेशी अहवालात बहुधा २० अंशांवरची ५ दिवसांची बीओडी असते, तिच्याशी तुलना करताना मोजणीची पद्धत लिहा.

६. बाटली भरण्याची रीत

एका ठिकाणी किमान तीन बाटल्या आणि तिन्हींची रीत वेगळी.

ऑक्सिजनची काचेची बाटली (३०० मिलिलिटर) काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको. बादलीतून धो-धो ओतलं की हवा मिसळते. बादलीत रबरी नळी टाका, तिचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा आणि बाटली दोन-तीनदा भरून वाहू द्या. मगच झाकण.

जीवाणूंची बाटली निर्जंतुक हवी. नदीच्या पाण्यानं खळबळायची नाही, आणि काठोकाठ भरायचीही नाही. हलवायला वर बोटभर जागा ठेवा. नमुना बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे.

सीओडी (सगळी घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि अमोनियासाठीच्या बाटलीत प्रयोगशाळा सल्फ्युरिक आम्ल घालून देते, म्हणून तीही खळबळायची नाही. उन्हात गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवल्या तर घरी यायचं आणि पुढच्या महिन्याची वाट बघायची. आमचे पहिल्या वर्षीचे दोन नमुने असेच गेले.

ऑक्सिजन नदीवरच बांधून घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत जाईपर्यंत थांबत नाही. विंकलर पद्धतीच्या किटमध्ये मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण असतं. दोन्ही बाटलीच्या तोंडाशी नाही, पाण्याच्या आत पिपेटचं टोक बुडवून सोडायची. ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी गाळ फुलतो, चहात दूध फाटल्यासारखा. नसेल तर गाळ पांढराशुभ्र राहतो. एप्रिलच्या एका पहाटे बंधाऱ्याच्या खालची बाटली उचलली, दोन्ही द्रावणं घातली, आणि ती पांढरीच राहिली. सोबतच्या मच्छीमारानं विचारलं, "औषध संपलंय व्हय?" औषध होतं. नंतर आम्ल घालून, स्टार्च टाकून, ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. २०० मिलिलिटर नमुन्याला जितके मिलिलिटर लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. द्रावणं घातक आहेत, चष्मा आणि हातमोजे घाला, उरलेलं नदीत ओतू नका.

जागेवरच लिहायचं: वेळ (मिनिटासकट), पाण्याचं आणि हवेचं तापमान, पीएच, वाहकता, रंग, वास, केंदाळ किती, बरगे किती, आदल्या तीन दिवसांत पाऊस, उपसाबंदी होती का, नमुना कुणी घेतला, कुणाच्या हातात दिला. पेन्सिलनं लिहा. शाई भिजते.

तपासा: निघण्याआधी पीएच मीटर दोन बफर द्रावणांवर (ज्यांचा पीएच आधीच माहीत असतो) लावून घ्या. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे तेच पाणी दुसऱ्या बाटलीत, दुसऱ्या सांकेतिक नावानं द्या. एक बाटली ऊर्ध्वपातित पाण्याची, तीही बाकीच्यांसोबत फिरवून आणा.

७. आकडे आल्यावर आधी अविश्वास

अहवाल हातात आला की लगेच आलेख काढू नका. आधी हे बघा. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असूच शकत नाही. विष्ठाजन्य कोलिफॉर्म (मैल्यातून येणारे जीवाणू) एकूण कोलिफॉर्मपेक्षा जास्त असू शकत नाही. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन साधारण साडेसात मिलिग्रॅमवर भरतो. पहाटे नऊ दाखवत असेल तर पाण्याआधी बाटलीवर शंका घ्या. 'आढळलं नाही' याचा अर्थ शून्य नाही, मोजणीच्या मर्यादेखाली. तसंच लिहा.

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यता चाचणीनिहाय असते, तुमची चाचणी त्या यादीत आहे का ते बघा.

अमोनियाचा घोळ नेहमीचा. नदीच्या पाण्याचे वापरानुसारही वर्ग आहेत, त्यांतल्या मत्स्यजीवनासाठीच्या 'ड' वर्गात मर्यादा मुक्त अमोनियाची आहे, लिटरला १.२ मिलिग्रॅम. प्रयोगशाळा देते तो बहुधा एकूण अमोनिया. ३० अंश तापमानाला पीएच ७.५ असेल तर त्यातला अडीच टक्के मुक्त असतो, पीएच ८.५ ला वीस टक्के. एकूण अमोनिया तेवढाच राहिला तरी माशाला आठपट फरक पडतो. म्हणून पीएच आणि तापमान नसलेला अमोनियाचा आकडा टाकून द्या.

कोणत्या मापाशी तुलना करायची तेही ठरवून. आंघोळीच्या 'ब' वर्गाला ऑक्सिजन ५ च्या वर आणि बीओडी ३ च्या आत. मत्स्यजीवनाला ऑक्सिजन ४. नाल्यातलं पाणी नदीच्या निकषाशी ताडायचं नाही, ते सोडण्याच्या निकषाशी. ही गल्लत केलेलं निवेदन वाचताना अधिकारी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो.

सरासरी देऊ नका. वर्षभराची ऑक्सिजनची सरासरी ५.२ म्हणजे नदी ठीक, असं कुणीही म्हणेल. बारापैकी किती पहाटे ४ च्या खाली गेला, सर्वांत वाईट दिवस कोणता आणि त्या दिवशी बरग्यांची स्थिती काय, हे लिहा. गुणवत्ता निर्देशांकाचा एकच आकडा बातमीला बरा, निर्णयाला निरुपयोगी.

८. योग्य टेबल, योग्य महिना

एक पान. वर मागणी, मध्ये एक तक्ता, खाली मोजणीची पद्धत दोन ओळींत. मूळ नोंदवहीची प्रत सोबत.

महापालिकेचं अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला मांडलं जातं. नाला वळवायची मागणी मार्चमध्ये दिली तर वर्ष गेलं. डिसेंबरच्या आत पोचवा. पाण्याच्या नियोजनाचा आधार १५ ऑक्टोबरचा धरणसाठा असतो, त्यानंतर कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. बरगे आणि विसर्गाचा मुद्दा तिथं, उन्हाळ्यात मासे मेल्यावर नाही.

उद्योगाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमचा नमुना कायदेशीर नमुना नव्हे. जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीनं, मोहोरबंद करून घेतलेलाच नमुना खटल्यात चालतो. तुमच्या नोंदींचं काम मंडळाला सांगणं की अमुक वारी, अमुक वेळेला, अमुक तोंडाशी जा. संयुक्त पाहणी मागा आणि तिच्या पंचनाम्यावर वेळ लिहिली आहे का ते सही करण्याआधी वाचा. नदीतल्या नमुन्यावरून एका कारखान्याचं नाव घेऊ नका. वर दहा तोंडं असतात.

मंडळ हललंच नाही तर त्याच कायद्याच्या कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन तक्रार करता येते. आणि त्या नोटिशीनंतर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचा हक्क मिळतो. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खालच्या अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. पत्रव्यवहारात सहा महिने कधी निघून जातात कळत नाही, म्हणून पहिल्या पत्राच्या दिवशीच दिनदर्शिकेवर ती तारीख मारून ठेवा.

९. निर्णय झाल्यावर थांबू नका

नाला वळवला, फोटो झाला. पुढचे बारा महिने त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच पद्धतीनं मोजा. मे ची तुलना मे शी, बरगे असतानाची बरगे असतानाशी. पाऊसमान वेगळं असेल तर नुसती मिलिग्रॅमची तुलना करू नका, किलोची करा. सुधारणा दिसली नाही तर आधी उपसा केंद्राचं ताजं वीजबिल मागवा.